सलगमाचं रान

बाजरीची कणसं अजून पुरती भरली नव्हती, तेव्हाच पंचायतीचा शिपाई कारभारीच्या वस्तीवर कागद घेऊन आला. कारभारीला वाचता येत होतं, पण चष्मा घरात होता, म्हणून शिपायानंच उभ्या उभ्या वाचून दाखवलं. गायरानातलं चार एकर रान नाशिकच्या हरिणमित्र मंडळाला वन्य प्राण्यांच्या चाऱ्यासाठी पाच वर्षं वापरायला द्यायचं, असा ठराव ग्रामसभेनं एकमतानं केला होता. त्यात कुणाचं उभं पीक असेल तर त्यानं ते दसऱ्याच्या आत काढून घ्यायचं होतं.

"ग्रामसभा कधी झाली?" कारभारीनं विचारलं.

"झाली ना, नाना. तुमची सही हाय की त्यात."

सही खरी होती. श्रावणात पाण्याचा टँकर मागायचा म्हणून शिपाई रजिस्टर घेऊन वस्त्या हिंडला होता. सह्यांच्या वरची जागा कोरी होती. कारभारीनं तेव्हा विचारलं नव्हतं आणि शिपायानंही सांगितलं नव्हतं.

हे दोन हजार तीन सालचं. भाटमाळ हे गाव नांदगाव आणि येवल्याच्या मधल्या उघड्या माळावर. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतला होता. या माळावर माणसांइतकीच हरणंही जुनी. चाळीस-पन्नासचा कळप, त्यात पीळदार शिंगांचे दोन-चार काळवीट. माळावरचं गवत वाळलं की कळप पिकात उतरायचा, लोक हाळ्या घालून हाकलायचे. कुणी त्यांच्या अंगावर धोंडा टाकला, असं मात्र गावात कधी झालं नव्हतं.

चार एकराचा तो तुकडा कारभारीच्या नावावर नव्हता, हे खरं. बहात्तरच्या दुष्काळानंतर त्याच्या बापानं आणि आईनं, धोंडाबाईनं, पहारीनं दगड उपटून तो केला होता. उपटलेल्या दगडांचा कमरेइतका बांध तिन्ही बाजूंनी उभा होता. धोंडाबाईच्या उजव्या हाताची करंगळी त्यातल्याच एका दगडाखाली चेंगरून आडवी बसली होती. तीस वर्षं त्या रानात बाजरी आणि मटकी पिकत होती. हक्काचं म्हणावं असं कारभारीचं रान एकच एकर, बांधाला लागून. त्यात जमिनीतल्या ओलीवर हरभरा व्हायचा.

तो संध्याकाळच्या आत सरपंचाकडे गेला. पुंजाबापू किराणा दुकानासमोर खुर्ची टाकून बसले होते, बाजूला आणखी दोघं. खुर्च्या तीनच होत्या. कारभारी उभा राहिला.

पुंजाबापूंनी सगळं समजावून सांगितलं. मंडळाचे अध्यक्ष भंडारे साहेब अमेरिकेला लेकाकडे गेले होते. तिकडे हरणांसाठी वेगळं रान राखून त्यात सलगम, मुळ्यासारखा एक कंद, लावतात. हरणं तेच खातात आणि शेतकऱ्याच्या पिकाला तोंड लावत नाहीत. साहेबांनी फोटो आणले होते. गावाचं भलं होतं त्यात.

"मग बापू, गायरान तर साठ एकर हाय. खालच्या अंगाला तुमच्या चुलतभावानं केलेलं बारा एकर..."

"ते वाटेपासनं लांब पडतं," पुंजाबापू म्हणाले. "साहेबांच्या गाड्या जायला पाहिजेत. आणि कारभारी, सरकारी जमीन तीस वर्षं खाल्लीस. कुणी बोट दाखवलं? आता बी काम तुलाच देतोय. तुझे बैल, तुमी दोघं नवराबायको. घरबसल्या रोज मिळंल."

बाकीचे दोघं मान हलवत होते. कारभारीनं बराच वेळ टोपी हातात धरून ठेवली होती. ती डोक्यावर घालून तो माघारी आला.

हे त्यानं बायकोला, चांगुणाला, सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं विळा दगडावर घासला आणि बाजरीत उतरली. निम्मी कणसं चिकात होती. खुडताना बोटांना पांढरं लागायचं. खळ्यावर दाणा सुटेना, सुटला तो सुरकुतलेला. चार एकरांची रास एका चादरीवर मावली. धोंडाबाईनं मूठभर दाणे डोळ्याजवळ नेले. तिच्या दोन्ही डोळ्यांत पडदे आले होते. तिनं दाणे बोटांनी चाचपले आणि परत राशीत टाकले.

दसऱ्यानंतर मंडळाचा माणूस आला. राजू त्याचं नाव, शेजारच्या गावचा, पंचविशीचा, मोटारसायकलवर. डोक्यावर मंडळाची हिरवी टोपी. रानाच्या तोंडाशी त्यानं पत्र्याची पाटी रोवली. हरिणमित्र चारा क्षेत्र, गुरे चारण्यास व प्रवेश करण्यास सक्त मनाई. पाटीचा खड्डा कारभारीनंच खणला.

बियाणं पिशवीतून आलं, मोहरीएवढं बारीक. पाभरीनं ते पेरता येणार नव्हतं. राजूला त्यातलं काहीच कळत नव्हतं. तो म्हणाला, फेकून द्या, उगवंल तेवढं उगवंल. कारभारीच्यानं ते होईना. त्यानं दोन वेळा कुळवून रान भुसभुशीत केलं, काकऱ्या ओढल्या, चाळलेल्या वाळूत बी मिसळलं आणि चिमटीचिमटीनं टाकलं. मागून चांगुणा पायानं माती लोटत होती. चार दिवस दोघं वाकलेली होती. चौथ्या दिवशी कारभारी बांधावर पाठ टेकून बसला तेव्हा चांगुणा म्हणाली, "लोकाच्या कामाला इतका जीव कशाला लावता?"

"रान कुठं लोकाचं हाय?" तो म्हणाला.

सलगमाला पाणी लागतं. मंडळानं आठवड्याला दोन टँकर ठरवले. रानाच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा कागद अंथरून खड्डा केला, त्यात टँकर रिकामा व्हायचा, आणि चांगुणानं घागरीनं ओळीओळीला पाणी घालायचं. वस्तीवरच्या बाया तेव्हा मैलभर लांबून, पाझर तलावाच्या तळाशी खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. श्रावणात सह्या घेऊन मागितलेला गावाचा टँकर अजून आलाच नव्हता. हरणांचा टँकर त्याच बायांच्या समोरून, धूळ उडवत, पाणी सांडत जायचा. मालनबाई नावाची शेजारीण एकदा हंडा घेऊन खड्ड्याशी आली, तर राजूनं तिला माघारी लावलं. पाणी प्राण्यांसाठी आहे, औषध टाकलेलं असतं, पिऊन काही झालं तर जबाबदार कोण, असं त्याचं म्हणणं. औषध वगैरे काही नव्हतं. चांगुणा दिवसभर तेच पाणी ओंजळीनं पीत होती.

तिला त्या बाईच्या नजरेला नजर देता आली नाही.

बी दाट उगवलं होतं. महिन्याभरात विरळणी करायची वेळ आली. चांगुणा आणि रोजावर आणलेल्या तीन बाया वाकून जादा रोपं उपटत होत्या आणि बांधाशी ढीग लावत होत्या. कोवळी, खरखरीत, मुळ्याच्या पाल्यासारखी पानं. हरभरा अजून खुडण्याजोगा नव्हता, घरात पंधरा दिवस हिरवी भाजी शिजली नव्हती. सुटी झाल्यावर चांगुणानं त्या ढिगातली दोन मुठी पानं पदरात बांधली.

राजू पाटीपाशी मोटारसायकलवर बसला होता. "काकू, काय नेताय?"

"पाला हाय. टाकून दिलेला."

"टाकून दिलेला असू द्या. ठेवा तिथं."

आधी तिला वाटलं तो थट्टा करतोय. तिन्ही बाया थांबल्या. रस्त्यानं बैलगाडीतून पुंजाबापू चालले होते, तेही गाडी थांबवून बघू लागले. राजू खाली उतरला. मंडळाची वस्तू आहे, आज पाला, उद्या गड्डे, त्यालाही वर जाब द्यावा लागतो, असं तो सांगत होता. आवाज चढलेला नव्हता. नोकरी करत होता तो.

"पदर सोडा," तो म्हणाला.

चांगुणानं पुंजाबापूंकडे पाहिलं. त्यांनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला आणि गाडी पुढं हाकली. मग तिनं गाठ सोडली. पानं पायांवर पडली. राजूनं झाडायला सांगितलं, म्हणून तिनं पदर झाडला. पन्नाशीची बाई, सून आणायच्या वयाची, चौघांसमोर पदर धरून उभी. पाला तिथंच पडून राहिला आणि दोन दिवसांत वाळून काळा झाला.

घरी तिनं भाकरी थापल्या, वर लाल मिरचीचा ठेचा दिला. जेवता जेवता कारभारीला कळलं ते धोंडाबाईकडून, आणि तिला मालनबाईकडून. कारभारीचा घास हातात राहिला.

"मला का नाय सांगितलं?"

"सांगून काय केलं असतं तुमी?" चांगुणा म्हणाली.

त्यानं घास ताटात ठेवला. तो पुढचे कितीतरी दिवस राजूशी कामापुरतंही धड बोलला नाही, पण कामावर जात राहिला. दुसरं काम माळावर कुठंच नव्हतं.

मार्गशीर्ष सरता सरता सलगम भरलं. मुठीएवढे पांढरे गड्डे, वरच्या अंगाला जांभळी छटा, मातीतून अर्धे वर आलेले. येणारा जाणारा थांबून बघायचा. आणि हरणं ते खाईनात. कळप सकाळी उन्हं वर यायच्या आधी रानाशी यायचा, माद्या पानं हुंगायच्या, एखादी ओठात धरून सोडून द्यायची, आणि सगळा कळप सलगमाच्या ओळींतून चालत, बांध ओलांडून, कारभारीच्या हरभऱ्यात उतरायचा. चार एकर सलगम म्हणजे त्यांना हरभऱ्याकडे जायची मऊ वाट झाली. पहाटेपासून कारभारी आपल्या एका एकराच्या कडेला पत्र्याचा डबा वाजवत उभा राहू लागला, आणि दिवस वर आला की त्याच हरणांसाठी सलगमाची खुरपणी करू लागला.

राजूनं वर कळवलं. भंडारे साहेबांचा निरोप आला की हरणांना नव्या चवीची सवय लागायला वेळ लागतो, तिकडेही लागतो. पण पौषात पाहुणे येणार होते, नाशिकचे, देणगी देणारे, सोबत वर्तमानपत्राचा फोटोवाला. त्या दिवशी हरणं रानात दिसली पाहिजेत.

मग राजू एका दुपारी कारभारीच्या शेजारी येऊन बसला. पहिल्यांदाच खाली मातीत बसला. हरभऱ्याचे दोन-चार पट्टे कापून सलगमाच्या ओळींत पसरले तर हरणं तिथं थांबतील, असं तो म्हणाला. एका सकाळपुरतंच. मंडळ भरपाई देईल.

हरभऱ्याला तेव्हा घाटे धरले होते, आत दाणा पाण्यासारखा. घरात बाजरी संपत आली होती. उन्हाळ्याच्या तोंडाला जे काही येणार होतं ते या एका एकरातूनच.

"नाय," कारभारी म्हणाला.

"नाना, माझी नोकरी जाईल."

"माझं रान गेलं, तवा तुला कुणी इचारलं होतं का?"

राजू उठला, पँट झाडली आणि गेला.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी नांदगावचा बाजार होता. कारभारी आणि चांगुणा दोन शेळ्या घेऊन सकाळच्या गाडीनं गेली. दुष्काळात शेळ्यांना गिऱ्हाईक नव्हतं. दिवस कलला तेव्हा शेळ्या घेऊन तशीच परत आली. वस्तीकडे वळताना चांगुणा थबकली. हरभऱ्याची रस्त्याकडची कड मोकळी दिसत होती. पाच पट्टे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, विळ्यानं बुडाशी कापलेले. सलगमाच्या ओळींत जागोजाग हिरव्या पेंढ्या पसरलेल्या.

धोंडाबाई दारात बसली होती. पावलं ओळखून म्हणाली, "आलात? गडी आले होते रं तुझे. राजू आन् दोघं. नानानं सांगितलंय म्हनला. उन्हात कापत होते, म्हनून मी तांब्याभर पानी दिलं त्यांना."

कारभारी उंबऱ्यावर बसला. चांगुणानं शेळ्या बांधल्या. म्हातारीला कुणी काही बोललं नाही, तरी थोड्या वेळानं तिला कळलं. तिनं तोंडाला पदर लावला आणि कितीतरी वेळ तिची मान हलत राहिली.

सकाळी आठच्या सुमाराला दोन जीपगाड्या आल्या. कारभारीला धुतलेला सदरा घालून यायचा निरोप होता. तो रोजच्याच कपड्यात गेला. चांगुणा मागं होती. भंडारे साहेब साठीचे, पांढऱ्या केसांचे, बोलायला गोड. सगळ्या पाहुण्यांना त्यांनी बांधाआड बसवलं. हरणं आली होती. बावीस मोजली कुणीतरी. मान खाली घालून खात होती. कॅमेरे वाजत होते. एक बाई तोंडावर हात ठेवून हसत होती, डोळ्यांत पाणी आणून. बांधाआडून ओळींत पसरलेला हरभरा दिसत नव्हता. सलगमाच्या पानांत बुडालेली हरणांची तोंडं तेवढी दिसत होती.

भंडारे साहेबांनी कारभारीच्या खांद्यावर हात ठेवला. "कारभारी, तुमच्या मेहनतीचं चीज झालं. पुढच्या वर्षी आपण हे शेजारचं रानही घेऊ. कोणाचं आहे?"

कारभारीनं बांधावर पाय दिला आणि रानात उतरला. कळप एकदम उधळला, माळाकडे उड्या घेत गेला. पाहुणे हळहळले. राजू हाका मारत होता. कारभारी ओळींतून चालत गेला, वाकला, अर्धवट खाल्लेला हरभरा कवळाभर उचलला आणि परत येऊन भंडारे साहेबांच्या बुटांपुढं ठेवला.

"साहेब, हे सलगम नाय. हा माझा हरभरा. काल चोरून कापलाय. शेजारचं रान माझंच हाय."

साहेबांनी एक डहाळा उचलून पाहिला. मग राजूकडे पाहिलं. राजू पाटीकडे बघत होता. साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "काहीतरी गैरसमज झालाय. नुकसानीचं आपण बघू. पण आत्ता नको, पाहुण्यांसमोर."

"माझा पदर झाडायला लावला तवा सगळं गाव उभं होतं," चांगुणा म्हणाली. "तवा कुनी नाय म्हनलं, आत्ता नको."

कोणता पदर, कधी, हे पाहुण्यांपैकी कुणी विचारलं नाही. मघाच्या बाईनं पर्स उघडली. चांगुणानं मान हलवली, तशी ती बंद केली. पुंजाबापूंच्या घरी पोहे तयार होते. गाड्या तिकडे गेल्या.

तिसऱ्या दिवशी पंचायतीत वर्तमानपत्र आलं. आतल्या पानावर मोठा फोटो होता, बावीस हरणांचा. सलगमानं हरणांची भूक भागवली आणि शेतकऱ्यांची पिकं वाचवली, असं खाली लिहिलं होतं. परिसरातल्या शेतकऱ्यांनी समाधान व्यक्त केलं, असंही होतं. कारभारीनं या वेळी चष्मा नेला होता. त्यानं ते दोनदा वाचलं. बाहेर आला, घरी गेला आणि बैल सोडले.

चांगुणानं नांगराचं जू उचलून धरलं.

दहा-साडेदहाचं ऊन होतं. कारभारीनं पाटीजवळून नांगराचं पहिलं तास घातलं. फाळाबरोबर सलगमाचे गड्डे भदाभद वर येत होते, काही चिरलेले, त्यांचा उग्र वास सुटला होता. चांगुणा वस्त्यावस्त्यांवर जाऊन सांगून आली. मालनबाई टोपली घेऊन पहिली आली, मग बाकीच्या. गुरांना खायला चांगलं होतं ते, माणसांनाही. दुपारपर्यंत निम्म्या रानात काळी माती वर आली होती.

पुंजाबापू राजूला घेऊन आले. राजूच्या डोक्यावर टोपी नव्हती. त्याला मंडळानं काढलं होतं, हे नंतर समजलं.

"कारभारी, कुणाच्या हुकमानं नांगरतोस?"

कारभारीनं बैल थांबवले नाहीत. तास संपवून वळला आणि त्यांच्यासमोर आला.

"माझ्या बापाच्या," तो म्हणाला, आणि पुढं गेला.

"पंचायतीचा ठराव हाय. केस होईल. पोलीस येतील."

"येऊ द्या. त्यांना आधी रजिस्टर दाखवा. सही कशासाठी घेतली ते बी सांगा. गावात पन्नास माणसं हायेत, टँकरसाठी म्हणून सह्या केलेली."

बाया वेचता वेचता थांबल्या होत्या. नुसत्या उभ्या राहिल्या, टोपल्या कमरेला लावून. पुंजाबापू सगळ्यांकडे बघून घेत होते, कोण कोण आहे ते लक्षात ठेवल्यासारखे. मग गेले.

केस झाली. पंचनामा झाला, अतिक्रमण आणि नासधूस, दोन्ही कलमं लागली. मंडळानं दुसऱ्या तालुक्यात रान धरलं, भरपाईचं कुणी बोललं नाही. चैत्रापासून नांदगावच्या तहसील कचेरीत तारखा सुरू झाल्या. कारभारी बाकावर बसायचा, तहसीलदार जागेवर नसायचे, पुढची तारीख मिळायची. सह्या करणाऱ्या पन्नासांपैकी अकरा जण त्याच्याबरोबर एकदा आले, नंतर सहा. मालनबाई प्रत्येक खेपेला आली. गावाचा टँकर फाल्गुनात सुरू झाला होता. जाब विचारल्यावर सुरू झाला, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

मृगात बरा पाऊस झाला. पुंजाबापूंनी निरोप धाडला की निकाल लागेपर्यंत रानात पाय ठेवू नको, ठेवलास तर आणखी एक कलम वाढेल. कारभारीनं निरोप आणणाऱ्याला चहा पाजला. चांगुणानं उरलेल्या बाजरीतून निवडून ठेवलेलं बी सुपात घेतलं, आणि दोघांनी पाभर जोडली. तारीख मंगळवारची होती. सोमवारी दिवस मावळायच्या आत चारही एकर पेरून झाले.

मंगळवारी कारभारी धुतलेला सदरा घालून पहिल्या एसटीनं नांदगावला गेला.